जुन्या होडीच्या केबिनमधलं फ्लोअरिंग: काय निवडावं आणि कसं बसवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३२ फुटी, फायबरची, शिडाची जुनी होडी तुम्ही घेतली आहे, ती मांडव्याला असते. आधीच्या मालकाने केबिनमध्ये कार्पेट चिकटवलं होतं. ते उपटल्यावर खालचं प्लायवूड कडेकडेने काळं आणि जिन्यापाशी मऊ पडलेलं निघालं. तुमच्या घरचं काम करणारा सुतार म्हणतो की आहे त्या प्लायवर एकमेकांत अडकणाऱ्या विनाइलच्या पट्ट्या टाकू, त्यांना पाण्याने काही होत नाही, दोन दिवसांत काम संपेल. तुम्हाला सागवानी देखावा हवा आहे, निदान दहा वर्षं पुन्हा हात लावायला लागू नये अशी इच्छा आहे, आणि खर्चाला मर्यादा आहे.

सुताराचं म्हणणं त्या पट्ट्यांपुरतं खरं आहे. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी दाबून केलेल्या पट्ट्या बादलीत बुडवून ठेवल्या तरी फुगत नाहीत. तरीही त्या टाकू नका.

घरात फरशीखाली स्लॅब असतो आणि तिथे कुणाला कधी जायचं नसतं. होडीत फळ्यांखाली बिल्ज, म्हणजे पाणी साचतं ती तळाची पोकळी, असतो, आणि होडी तरंगती ठेवणाऱ्या बहुतेक गोष्टी तिथेच असतात: सी-कॉक (होडीच्या बुडातल्या भोकांवरचे वाल्व), कीलचे, म्हणजे तळाच्या जड कण्याचे बोल्ट, बिल्ज पंप आणि पाणी चढलं की तो चालू करणारा फ्लोट स्विच, पाण्याच्या टाकीचं झाकण, पाण्याची खोली मोजणाऱ्या डेप्थ साउंडरचा डोळा, मागे पंख्याच्या शाफ्टचा ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारा सांधा. केबिनचं फ्लोअरिंग हे मुळात या सगळ्यावरचं झाकण आहे. दीड इंची होज निसटला आणि ते तोंड पाण्याच्या पातळीखाली दोन फूट असलं, तर मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. ताशी २,००० लिटर असं लिहिलेला पंप मिनिटाला ३३ लिटर काढतो, तोही कागदावर. म्हणजे तो होज हाताने सापडून सी-कॉक बंद होईपर्यंतच काय तो वेळ तुमच्याकडे असतो. एकमेकांत अडकलेल्या पट्ट्या भिंतीपासून एकेक सोडवत यायला लागतात. पाणी चढत असताना ते कुणी करू शकत नाही.

त्यामुळे माझी पहिली अट ही आहे की केबिनमधली प्रत्येक फळी हाताने, अवजाराशिवाय, अंधारात उचलता आली पाहिजे. सागवान की विनाइल, चकचकीत की मॅट, हे सगळं त्यानंतर. ही अट पाळली की निम्मे पर्याय आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून निवडणं सोपं होतं.

आता आधी पाणी कुठून आलं ते शोधा. हे न करता नवं प्लाय टाकलंत तर तेही त्याच जागी काळं पडेल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं. खाऱ्या पाण्याने लाकूड ओलं राहतं, धातू गंजतो, पण कूज त्यामानाने सावकाश धरते. होडीतली बहुतेक कूज पावसाच्या पाण्याची असते, आणि कोकण किनाऱ्यावर तो किती पडतो हे सांगायला नको. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून जास्त पडतो. तुमच्या होडीत जिन्यापाशी मऊ पडलंय, म्हणजे वरच्या दाराच्या फळ्यांतून पाणी येतंय किंवा ओल्या कपड्यांनी, ओल्या पायांनी उतरणाऱ्यांचं पाणी तिथे जिरतंय. कडेने काळं पडलंय ते कार्पेटचं काम. मिठाचा कण हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून समुद्रावरचं कार्पेट एकदा खारं झालं की कधीच पूर्ण वाळत नाही. डोलकाठी केबिनमधून खाली कीलवर टेकत असेल तर पाऊस तिच्या पोकळीतून सरळ बिल्जमध्ये उतरतो, तेही बघा.

शोधायची एक सोपी रीत आहे. बिल्ज फडक्याने कोरडा ठणठणीत पुसून घ्या, आणि जिथून पाणी येत असेल असं वाटतं तिथून खाली टाल्कम पावडर भुरभुरवा. दोन दिवसांनी टॉर्च घेऊन बघा. पाणी ज्या वाटेने आलं तिथे पावडरीत ओघळ स्वच्छ उमटलेला दिसतो, आणि तो उलटा वर धरत गेलं की गळतीचं तोंड सापडतं. मग एका कोपऱ्यात बाटलीभर पाणी ओता आणि ते पंपापर्यंत पोचतं का पाहा. फळ्या ज्यांवर टेकतात त्या आडव्या बत्त्यांना खाली पाणी सरकण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. जुन्या होडीत ती केस, लाकडाचा भुसा, कार्पेटचे धागे यांनी बुजलेली असतात. तारेने मोकळी करा. भोकाच्या आतली बाजू उघड्या लाकडाची असेल तर तिला इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा लेप) लावा. ती जागा कायम ओली असते आणि तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

बत्ते तपासायला टोच्या घ्या. दाबला आणि टणक लागला तर ठीक. लोण्यात जातो तसा गेला तर तो तुकडा काढावाच लागेल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलात तरी चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो आणि कुजलेल्याचा भद्द. बत्ता जिथे होडीच्या कुशीला फायबरने जोडलेला असतो तो सांधा नीट बघा, कूज तिथून सुरू होते. केबिनचे आडवे पडदे, म्हणजे बल्कहेड, त्यांची खालची कडाही याच वेळी तपासा. तिथलं काम निघालं तर फ्लोअरिंगच्या आधी करायचं, कारण नंतर ते उघडं पडणार नाही.

जुन्या फळ्यांवर नवा थर टाकायचा विचार सोडून द्या. कुजलेलं खाली तसंच राहतं, शिवाय डोक्यावरची उंची कमी होते, दारांच्या खालच्या कडा घासतात, आणि जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते. हलत्या होडीत उतरताना पाय सवयीवर चालतो. एका पायरीत १५ मिलिमीटरांचा फरक पडला तरी माणूस अडखळतो.

आता साहित्य. खालची फळी आणि वरचा पृष्ठभाग यांचा विचार वेगळा करायचा, आणि खर्चाला मर्यादा असेल तर पैसा खालच्या फळीवर घालायचा.

खालची फळी १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची. बत्त्यांमधलं अंतर ३५–४० सेंटिमीटरपर्यंत असेल तर १२ पुरतं. जास्त असेल तर मधे एक बत्ता वाढवा, नाहीतर १८ घ्या. मी बत्ता वाढवण्याच्या बाजूचा आहे, कारण १८ची फळी जड होते आणि जड फळी उचलायचा लोक कंटाळा करतात. आपल्याकडे मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० हा शिक्का. आयएस ३०३ हा साध्या प्लायचा. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून तो दाखवेल, घेऊ नका. पण ७१०चा अर्थही नीट समजून घ्या. त्यातला गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो, म्हणून थर सुटत नाहीत. लाकूड मात्र लाकूडच असतं आणि ओलं राहिलं तर कुजतं. हे प्लाय आपल्याकडे मुख्यतः स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जातं, तिथे त्याला बिल्जची वाफ सोसावी लागत नाही. घेताना शीटची कड बघा. आतल्या थरांत फटी किंवा एकावर एक चढलेले तुकडे दिसले तर दुसरं मागा. शक्य असेल तर एक शीट मधोमध कापून घ्या आणि कापलेली कड बघा. मधल्या थरातल्या फटीत पाणी शिरलं की ते बाहेर यायचा रस्ता नसतो. ब्रिटिश मानकाचं, बीएस १०८८ शिक्क्याचं प्लाय मिळालं आणि परवडलं तर ते नक्कीच चांगलं. त्यात आतल्या पोकळ्यांवर कडक मर्यादा आहे.

प्लायऐवजी फोमच्या गाभ्याची फायबरची फळी करता येते. ती हलकी आणि न कुजणारी. कोकणात आणि गोव्यात फायबरचं चांगलं काम करणारे हात आहेत, त्यामुळे हा पर्याय आपल्याकडे वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. पण स्क्रू आणि कड्या जिथे येतात तिथे आत भरीव तुकडे बसवावे लागतात. पहिल्यांदाच करत असाल तर प्लायवर राहा.

पृष्ठभागाचे पर्याय. घरगुती लॅमिनेट, ज्याचा गाभा दाबलेल्या भुशाचा असतो, ते पहिल्या पावसाळ्यात सांध्यांवर फुगतं, त्यावर जास्त बोलत नाही. दगडी भुकटीच्या पट्ट्या उचलता येत नाहीत हे वर आलंच. त्यांचं वजनही बघा: ५ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे दहा किलोच्या आसपास. तुमच्या केबिनला पाच-सहा चौरस मीटर धरले तर एक अख्खा माणूस कायमचा होडीत बसवल्यासारखं. सनमायका, म्हणजे हाय प्रेशर लॅमिनेट, टिकाऊ आहे, पुसायला सोपा आहे, पण ओला झाला की निसरडा. डेकवर चिकटवतात ते इवा फोम केबिनमध्ये मला आवडत नाही; पायाला मऊ लागतं, पण त्याच्या खाचांत माती, केस, माशांचा वास बसतो आणि घासून निघत नाही. कॉर्क उत्तम असतो, पायाला उबदार, आवाज कमी, ओला असतानाही पकड देणारा. आपल्याकडे चांगल्या प्रतीचा सहज मिळत नाही एवढीच अडचण.

राहिले दोन. एक, २ मिलिमीटरचं, नक्षीच्या वर झिजेचा जाड पारदर्शक थर असलेलं व्यापारी दर्जाचं विनाइल, प्रत्येक फळीवर वेगळं कापून चिकटवलेलं. दोन, खरं सागवान.

सागवानाबद्दल थोडं मन मोकळं करतो. मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानात १८१७ साली बांधलेली 'एचएमएस त्रिंकोमाली' आज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. दोनशे वर्षांनंतरही तरंगणाऱ्या या लाकडाचा वारसा आपल्या किनाऱ्याचा आहे, आणि विदर्भात आलापल्ली-बल्लारशाकडचं सागवान आजही देशात नावाजलेलं आहे. त्यातलं तेल पाणी आणि वाळवी दोन्ही लांब ठेवतं. त्यामुळे परवडत असेल त्याने जरूर सागवान वापरावं. पण बाजारात 'सागवानी प्लाय' म्हणून जे मिळतं त्यावर सागवानाचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. एकदा पॉलिश पेपर मारला, दुसऱ्यांदा हात जरा जड पडला, की खालचं लाल लाकूड दिसतं, आणि मग काहीच करता येत नाही. दहा वर्षं हवी असतील तर सागवानाच्या ५ मिलिमीटर जाड, ४५–५० मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून घ्या आणि इपॉक्सीने प्लायवर बसवा. दोन पट्ट्यांमध्ये ६ मिलिमीटरची उजळ लाकडाची पट्टी द्यायची जुनी पद्धत आहे. परदेशात त्यासाठी हॉली वापरतात, आपल्याकडे मेपल चालतं, हेदूही चालतं. फणस सुचवणारे भेटतील. कापल्यावर तो सुंदर पिवळा दिसतो, पण काही वर्षांत तपकिरी होऊन सागवानाशेजारी रंगाचा फरकच उरत नाही. डेकवर असते तशी काळी सीलंटची रेघ केबिनमध्ये घालू नका. तिथे तिचा उपयोग नाही आणि झिजल्यावर ती पायांना काळं लावते.

तुमच्या बजेटला मी विनाइल सुचवेन, त्याच्या भोवती सागवानाची १० मिलिमीटरची लिपिंग, म्हणजे कडेची पट्टी, आणि जिन्याच्या पायथ्याशी सागवानाची जाळी. विनाइलमध्ये सागवान-हॉलीच्या नक्षीचे प्रकार मिळतात. लिपिंगने तीन कामं होतात: प्लायची कापलेली कड झाकली जाते, विनाइलची कड पायाने उचकटत नाही, आणि वरून बघताना डोळ्याला खरं लाकूड दिसतं. जिन्यापाशी जाळी का? ओली माणसं तिथेच उतरतात. तिच्यातून पाणी खालच्या उथळ तसराळ्यात पडतं आणि बिल्जकडे वळवता येतं. जाळीला पॉलिश, वार्निश, तेल काहीही लावू नका. उघडं सागवान ओलं असताना जी पकड देतं ती दुसऱ्या कशाला नाही.

कामाच्या हंगामाबद्दल आधी सांगतो, कारण इथेच बहुतेक कामं बिघडतात. होडी पावसाळ्यात वर ओढलेली असते, सगळ्यांना वेळ असतो, म्हणून लोक जुलैत काम काढतात. जुलैत हवेत ८५–९० टक्के आर्द्रता असली की लाकडात १८–२० टक्के ओल मुरलेली असते. इपॉक्सीला लाकूड १२ टक्क्यांच्या आत हवं. ओल्या लाकडावर इपॉक्सी चढवली की ती ओल आतच बंद होते आणि बुरशीला आयती जागा मिळते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे या कामाचे महिने. पावसाळ्यातच वेळ असेल तर त्या काळात फक्त मापं, साचे आणि खालच्या बत्त्यांची तपासणी करा. प्लाय आणून घरात कोरड्या खोलीत उभं न ठेवता आडवं, पट्ट्यांवर, हवा खेळेल असं ठेवा.

मापं घेताना जुन्या फळ्या साचा म्हणून वापरू नका. त्या आधीच फुगलेल्या आणि कुणीतरी कधीतरी रंधून कमी केलेल्या असतात. ३ मिलिमीटर प्लायच्या अरुंद पट्ट्या जागेवर ठेवून, ग्लू गनने एकमेकांना चिकटवून, प्रत्येक फळीचा सांगाडा तयार करा. होडीची कूस खाली निमुळती होत जाते, म्हणून फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा लहान लागते; हा तिरकस कोन तिरक्या गुण्याने दर हातभर अंतरावर घ्या आणि साच्यावरच लिहून ठेवा. डावीकडचा साचा उलटून उजवीकडे लावू नका. कारखान्यात बनलेल्या होडीतही दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या नसतात. डोलकाठीपासून जिन्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणा आणि सगळ्या रेघा त्या दोरीला धरून, पुढून मागे, ठेवा. माणसाची नजर पट्ट्यांवरून सरळ पुढे जाते; मध्यरेषा बोटभर सरकली तरी सगळी केबिन वाकडी वाटते.

फळ्यांचे तुकडे कुठे पाडायचे हे खालचं सामान बघून ठरवा. प्रत्येक सी-कॉक, पंप आणि टाकीच्या झाकणावर स्वतंत्र छोटी फळी यावी. साठ बाय साठ सेंटिमीटरपेक्षा मोठी फळी अरुंद केबिनमध्ये वळवता येत नाही. टेबलाचा पाय जिथे बसतो ती फळी वेगळी आणि घट्ट. नाहीतर टेबल काढल्याशिवाय खालचं काही उघडणार नाही.

चारही बाजूंनी २–३ मिलिमीटर फट सोडा. ही फट शेवटी मोजायची असते, कारण इपॉक्सी आणि वार्निशचे थर मिळून जाडी वाढते आणि पावसाळ्यात लाकूड थोडं फुगतं. कोरड्या जानेवारीत चपखल बसवलेली फळी ऑगस्टमध्ये लोखंडी पहारीशिवाय निघत नाही. फळ्यांच्या एकमेकांना लागणाऱ्या कडा खाली किंचित आत झुकत्या कापा, म्हणजे उचलताना अडकणार नाहीत.

आता इपॉक्सी. वजनकाट्यावर मोजून मिसळा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवलं तर ते नीट घट्ट होतच नाही. सुरुवात कडांपासून. प्लाय कडेतून जेवढं पाणी पितं त्याच्या मानाने वरून काहीच पीत नाही. कड पिईल तेवढी पाजा, थांबा, परत पाजा, असं तिला चकाकी येईपर्यंत. मग खालची बाजू, मग वरची, दोन्हीकडे सारखेच थर, किमान तीन. एकाच बाजूला जास्त दिलं की फळी वाकते. पहिला हात संध्याकाळी, लाकूड थंड होत असताना द्या. सकाळी दिलात तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि सगळीकडे बुडबुडे उठतात. सुकल्यावर हाताला तेलकट लागलं तर ती दमट हवेमुळे हार्डनरमधल्या अमाइनची वर आलेली साय आहे. आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग पॉलिश पेपर मारा. न धुता घासलं तर तो तेलकटपणा फळीभर पसरतो आणि पुढचा थर सुटतो. खालच्या बाजूला फायबरचं पातळ कापड इपॉक्सीत बसवलंत तर उत्तम, पण मग वरच्या बाजूलाही तसंच.

स्क्रूचं प्रत्येक भोक हे प्लायमध्ये पाणी शिरायचं दार असतं. ते आधी मोठं पाडा, दाट केलेल्या इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच योग्य मापाचं भोक पाडा. काम वेळखाऊ आहे, पण फळीचं आयुष्य इथेच ठरतं. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'एसएस' म्हणून मागितलं तर बऱ्याचदा २०२ मिळतं, आणि बिल्जच्या वाफेत त्याला लवकरच गंज धरतो. पितळी स्क्रूही नकोत; खाऱ्या ओलीत पितळेतलं जस्त निघून जातं आणि स्क्रू हाताने मोडतो.

विनाइल चिकटवताना दोन गोष्टी सुताराला आधीच सांगून ठेवा. पाण्यावर आधारलेला गोंद इपॉक्सीवर सुकत नाही, कारण त्यातलं पाणी जायला वाटच नसते. आणि सनमायकाचा रबरी कॉन्टॅक्ट गोंद विनाइल लवचीक ठेवणाऱ्या प्लास्टिसायझरने हळूहळू मऊ होतो. मे महिन्यात बंद केबिन तापली की कडा गुंडाळून वर येतात. दोन भागांचा पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीचा गोंद घ्या, खाचांच्या पट्टीने पसरवा, वर रोलर फिरवा, रात्रभर वाळूच्या पिशव्यांचं वजन ठेवा. सागवानाच्या पट्ट्या बसवणार असाल तर चिकटवण्याच्या जरा आधी ताज्या पॉलिश पेपरने घासून अॅसिटोनने पुसा. सागवानाचं तेल परत वर येण्याआधी गोंद लागला पाहिजे.

हे सगळं चिकटवणं आणि रंगवणं फळ्या बाहेर काढून, अंगणात किंवा कारखान्यात करायचं. केबिनमध्ये नको. कॉन्टॅक्ट गोंदाची, थिनरची, अॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये साचते, आणि तिथे फ्लोट स्विच आपोआप चालू होतो. एक ठिणगी पुरते. नाइलाजाने आत काही करावं लागलंच तर बॅटरीचा मुख्य स्विच आणि बिल्ज पंपाची वीज बंद, सगळी झाकणं उघडी, आणि आतली हवा बाहेर ओढणारा नव्हे तर ताजी हवा बाहेरून आत ढकलणारा पंखा डेकवर. दोन भागांच्या पॉलियुरेथेन वार्निशमधली आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसांना धरतात. त्याला रुमाल किंवा कापडी मास्क चालत नाही, सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. सुताराला तो तुम्ही घेऊन द्या, त्याच्यावर सोडू नका.

लिपिंगला आणि लाकडी पट्ट्यांना वार्निश सॅटिन. चकचकीत वार्निश फोटोत छान दिसतं आणि ओलं झालं की पाय घसरवतं. होडी कलली असताना तर फार. फर्निचरवाले वापरतात ते मेलामाइन पॉलिश नको, पाण्याने पांढरं पडतं. स्वयंपाकाच्या ओट्यापुढे, जिथे माणूस एका हातात गरम भांडं घेऊन उभा राहतो, तिथे वार्निशच्या शेवटच्या थरात बारीक अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड मिसळा.

बसवताना बत्त्यांवर बंद पेशींच्या निओप्रीनची पातळ पट्टी चिकटवा, म्हणजे करकर थांबते. साधा स्पंज लावू नका, तो पाणी धरून ठेवतो. उचलायला फळीत बुडणाऱ्या कड्या, ३१६च्या. आणि प्रत्येक मोठ्या फळीला फिरवून लागणारा खटका, जो अंधारात बोटाने उघडेल. होडी जोरात कलंडली तर सुट्या फळ्या हवेत उडतात आणि खालच्या बॅटऱ्या, नांगराची साखळी त्यांच्या मागोमाग. सी-कॉकवरच्या छोट्या फळीला खटका नको, नुसतं बोटाचं भोक ठेवा. तेवढीच बिल्जला हवाही लागते.

देखभाल थोडीच आहे. खारं पाणी आत आलं की गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या, मीठ राहिलं की ओल राहते. विनाइलवर रबरी तळाची पायपुसणी टाकू नका, रबराचा पिवळा डाग विनाइलमध्ये उतरतो आणि निघत नाही. डिझेल सांडलं तर त्याच मिनिटाला साबणाच्या पाण्याने धुवा. होडी पावसाळ्यासाठी बंद करताना प्रत्येक दुसरी फळी उचलून काठीवर तिरकी टेकवून ठेवा, म्हणजे बिल्ज आणि केबिन यांची हवा एक होते. ऑगस्टमध्ये एखाद्या उघडिपीच्या दिवशी जाऊन फळ्यांच्या खालच्या बाजूवरून हात फिरवा. कुठे इपॉक्सीला तडा गेला असेल तर तिथे रंग गडद दिसतो. तेवढीच जागा खरवडून, पूर्ण वाळवून, परत थर द्या.

सगळ्या फळ्यांच्या पाठीवर मार्करने क्रमांक, बाण आणि खाली काय आहे ते लिहा: 'सिंकचा सी-कॉक', 'पंप', 'टाकी'. ३ मिलिमीटरचे साचे फेकू नका, त्यांवरही तेच क्रमांक घालून घरी माळ्यावर ठेवा. एखादी फळी खराब झाली तर मग होडीवर न जाता ती एकच नवी कापून घेता येते.